ड्रायव्हर कमी आहेत की त्यांचे तास?

२०२५ सालच्या घटस्थापनेला, म्हणजे २२ सप्टेंबरला, मोटारींवरचा वस्तू व सेवा कर उतरला. छोट्या मोटारींवर त्याआधी २८ टक्के कर आणि वर उपकर होता. तो १८ टक्क्यांवर आला. पंतप्रधानांनी स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात करकपातीचे सूतोवाच केल्यापासून ग्राहक हात आखडून बसले होते, ग्राहक थांबले म्हणून डीलर गाड्या उचलत नव्हते आणि डीलर उचलत नव्हते म्हणून आमच्या यार्डात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. मग घटस्थापनेच्या सकाळपासून सगळ्यांनाच गाडी हवी झाली, तीही दसऱ्याच्या आत. दसरा २ ऑक्टोबरला होता. महिनाभर तुंबलेला माल दहा दिवसांत काढायचा होता आणि तो उचलायला ट्रेलर मिळत नव्हते. खरे सांगायचे तर ट्रेलर होते, ट्रान्स्पोर्टरांच्या अड्ड्यांवर रांगेने उभे होते. त्यांवर बसणारी माणसे नव्हती.

मी चाकण पट्ट्यातल्या एका यार्डात तयार गाड्यांच्या वाहतुकीचे नियोजन करते. या कामाला आमच्याकडे सरसकट ‘डिस्पॅच’ म्हणतात. कारखान्याच्या लाइनवरून उतरलेली गाडी यार्डात कुठे उभी करायची, कोणत्या ट्रेलरवर किंवा रेल्वेच्या कोणत्या रेकमध्ये, म्हणजे अख्ख्या मालगाडीत, चढवायची, ती डीलरच्या दारात कधी पोचेल, हे ठरवणे आणि ठरवलेले बिघडले की पुन्हा ठरवणे एवढाच या नोकरीचा गाभा आहे. त्या दहा दिवसांत आम्ही जे काही केले आणि त्यानंतरच्या महिन्यांत जे शिकलो, ते लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते. ‘ड्रायव्हर मिळत नाहीत’ हे वाक्य आमच्या धंद्यात पावसाच्या तक्रारीसारखे झाले आहे. सगळे बोलतात आणि कुणी मोजत नाही.

तुटवडा खोटा आहे असे मला अजिबात म्हणायचे नाही. आंतरराष्ट्रीय रस्ते वाहतूक संघटना, म्हणजे आयआरयू, हिने २०२३ मध्ये ३६ देशांची पाहणी करून ट्रकचालकांच्या तीस लाखांहून अधिक जागा रिकाम्या असल्याचे सांगितले होते. आपल्याकडे कारणे वेगळी आहेत, पण परिणाम तोच आहे. मोटारी वाहणाऱ्या ट्रेलरवरचे काम साध्या ट्रकपेक्षा अवघड असते. ड्रायव्हरला नुसता ट्रेलर हाकून भागत नाही. अरुंद रॅम्पवरून कोरी करकरीत गाडी वरच्या मजल्यावर चढवायची, चाकांना ठोकळे लावायचे, पट्टे आवळायचे आणि उतरवताना हेच सगळे उलट्या क्रमाने करायचे, तेही एक ओरखडा न पाडता. ओरखडा पडला तर भरपाई बहुतेक वेळा ड्रायव्हरच्याच हिशेबातून कापली जाते. पंधरा-वीस दिवस घराबाहेर, केबिनमध्ये झोप, धाब्यावर जेवण आणि परतल्यावर हाती आलेल्या पैशांतून ओरखड्याची वजावट, असा हा व्यवहार आहे. आमच्याकडे येणारे बहुतेक ड्रायव्हर हरियाणा, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातले आहेत. त्यांच्यातल्या पन्नाशीच्या माणसाला मुलाबद्दल विचारले तर तो मोबाइलमधला फोटो दाखवतो आणि मुलगा दुकानात आहे, आयटीआयला आहे, काहीही आहे, पण गाडीवर नाही, हे अभिमानाने सांगतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड मालवाहनांच्या केबिनमध्ये वातानुकूलन बंधनकारक झाले, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र रस्त्यावर धावणारे जुने ट्रेलर अजून अनेक वर्षे तसेच तापणार आहेत.

तेव्हा माणसे कमी आहेत हे खरेच. माझा मुद्दा त्यापुढचा आहे. जी माणसे आहेत त्यांचे तास आपण कसे खर्च करतो, हे पाहिल्यावर तुटवड्याचा मोठा भाग आपणच तयार केलेला दिसतो.

याचा हिशेब शाळकरी आहे. समजा एका कारखान्यातून रोज ६०० गाड्या बाहेर पडतात आणि एका ट्रेलरवर आठ गाड्या बसतात. म्हणजे रोज ७५ ट्रेलर सुटले पाहिजेत. एक ट्रेलर सुटल्यापासून तोच पुन्हा भरायला उभा राहीपर्यंत सरासरी बारा दिवस जात असतील, तर ७५ गुणिले १२, म्हणजे ९०० ट्रेलर आणि किमान ९०० ड्रायव्हर लागतात. त्या बारांतले दोन दिवस वाचले तर ७५० पुरतात. एकाही माणसाची भरती न करता दीडशे ड्रायव्हर हाती आले. ट्रेलर अधिक वेगाने पळवून हे दोन दिवस वाचणार नाहीत, आणि तसे कुणी सुचवले तर त्याला बैठकीतून बाहेर काढावे. ते वाचतात ते ट्रेलर उभा असतानाच्या वेळातून.

आम्ही दिवाळीनंतर काही ट्रेलरांच्या जीपीएसच्या नोंदी आणि गेटच्या नोंदवह्या शेजारी ठेवून एकेक फेरी तपासली. ट्रेलर रिकामा येऊन गेटबाहेर उभा राहतो. आत आल्यावर गाड्या बेवर, म्हणजे त्यांच्यासाठी आखलेल्या जागेवर, आलेल्या नसतात. गाड्या चढल्यावर इनव्हॉइस निघालेले नसते, कारण डीलरच्या बँकेकडून पैशांची मंजुरी आलेली नसते. इनव्हॉइस नाही म्हणून ई-वे बिल, म्हणजे माल रस्त्यावर नेण्यासाठी लागणारा सरकारी ऑनलाइन कागद, नाही आणि ई-वे बिल नाही म्हणून भरलेला ट्रेलर गेटच्या आत रात्र काढतो. पुढे शहराच्या हद्दीवर अवजड वाहनांना दिवसा प्रवेशबंदी असते आणि ट्रेलर नेमका सकाळी नऊला तिथे पोचतो. रात्री आत जातो तर डीलरचा माणूस घरी गेलेला असतो. सकाळी गाड्या उतरवायला जागा नसते, कारण शोरूमसमोर आधीचाच ट्रेलर उभा असतो. यातली एकही गोष्ट नवी नव्हती, आम्हाला प्रत्येक गोष्ट सुटी सुटी माहीत होती. त्या एका फेरीत लागोपाठ मांडल्यावर मात्र चाक न फिरणारा वेळ आमच्या अंदाजापेक्षा फार जास्त निघाला. जुन्या मराठीत याला ‘गाडीची खोटी’ म्हणतात. आमच्या कराराच्या कागदांत खोटीला एक ओळ आहे आणि दराला चार पाने आहेत.

सगळ्यात जास्त डोके आम्ही गेटवर खर्च केले आणि पहिल्यांदा सपशेल आपटलोही तिथेच. आम्ही ट्रेलरांसाठी वेळा ठरवून देणारे अ‍ॅप आणले. प्रत्येक ट्रेलरला मोबाइलवर ठरावीक वेळ यायची, त्या वेळेला त्याने गेटवर यायचे, गेटवरचा कॅमेरा नंबर वाचणार आणि अडसर वर होणार, अशी ती छान व्यवस्था होती. बैठकीत पडद्यावर तिची चित्रफीत पाहून सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रत्यक्षात पहिल्या आठवड्यापासून पहाटे चारलाच गेटबाहेर पूर्वीइतकीच रांग लागू लागली. अ‍ॅपवर कुणाची वेळ अकराची होती, कुणाची दुपारी दोनची, आणि सगळे पहाटेपासून इंजिन बंद करून उभे. आम्ही आधी ड्रायव्हरांनाच दोष दिला. त्यांना अ‍ॅप समजत नाही, शिस्त नाही वगैरे. मग एका सकाळी मी चहाच्या टपरीवर जाऊन अलवरकडच्या एका जुन्या ड्रायव्हरला सरळ विचारले. तो म्हणाला, “मॅडम, तुमची वेळ चुकली तर मला रांगेच्या शेवटी टाकतात. तळेगाव चौकात मी किती वेळ अडकणार हे तुमच्या मोबाइलला ठाऊक आहे का?”

चाकणचा तळेगाव चौक आणि आंबेठाण चौक ज्यांनी पाहिला आहे त्यांना यापुढे काही सांगायची गरज नाही. पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता एकमेकांना जिथे छेदतात तिथे सकाळ-संध्याकाळ जी कोंडी होते, तिच्यात अठरा-पावणेएकोणीस मीटर लांबीचा ट्रेलर वीस मिनिटांत सुटेल की दोन तासांत, हे कुणीच सांगू शकत नाही. उशिराचा सगळा धोका आम्ही ड्रायव्हरवर टाकला होता आणि त्याने तो शहाण्या माणसासारखा स्वतःच्या झोपेतून भरून काढला होता. आम्ही नियम बदलला. नेमक्या वेळेऐवजी दोन तासांची मुदत दिली, उशिराबद्दल रांगेच्या शेवटी पाठवणे बंद केले आणि आमच्या बाजूनेही एक बंधन घातले: मुदतीत आलेल्या ट्रेलरचे लोडिंग तासाभरात सुरू झाले नाही, तर खोटीचे पैसे आपोआप लागू होतील, त्यासाठी अर्ज करावा लागणार नाही. या शेवटच्या कलमाला आमच्याच हिशेब विभागाने सर्वांत जास्त विरोध केला. पण पैसे जाऊ लागल्यावर आतल्या गाड्या वेळेवर बेवर येऊ लागल्या. पहाटेची रांग हळूहळू विरळ झाली. अ‍ॅप तेच होते.

आता यार्डाच्या आतले काम. इथे तुटवडा ट्रेलरच्या ड्रायव्हरांचा नसतो, तो शंटरांचा असतो. शंटर म्हणजे लाइनवरून गाडी घेऊन बेवर लावणारा, बेवरून लोडिंगला आणणारा, रेल्वेच्या रॅम्पवर चढवणारा माणूस. तो दिवसभर गाडी चालवतो असे बाहेरच्यांना वाटते. यार्डात अर्धा तास उभे राहिले की कळते की तो दिवसभर चालतो. गाडी लावून झाली की पुढची गाडी आणायला पायी परत यायचे, उन्हात, पावसात. सहा-सात जणांना घेऊन फिरणारी व्हॅन असते, पण तीही सातवा माणूस येईपर्यंत थांबते. शिवाय एकच गाडी किती वेळा हलते ते पाहावे. लाइनवरून तात्पुरत्या जागेवर, तिथून तपासणीला, तिथून बेवर, मागची गाडी काढायची म्हणून बाजूला, पुन्हा बेवर, मग लोडिंगला. यातली निम्मी हलवाहलव गाडी पहिल्यांदाच चुकीच्या जागी लावल्यामुळे होते.

यंत्रांनी आम्हाला खरा हात दिला तो इथे, आणि तीही डोळ्यांत भरणारी यंत्रे नव्हती. लाइनवरून उतरताना गाडीचा चॅसिस क्रमांक स्कॅन झाला की ती कोणत्या दिशेला, साधारण कोणत्या दिवशी जाणार याचा अंदाज लावून प्रणाली बे ठरवते. ईशान्येकडच्या गाड्या रेल्वेच्या बाजूला, मुंबईच्या गाड्या गेटजवळ, आणि जिची मागणी अजून आलेली नाही ती सर्वांत मागे. दुसरा बदल असा की गाडी लावून परतणाऱ्या शंटरला रिकाम्या हाताने परतू द्यायचे नाही. तो जिथे पोचला आहे त्याच्या जवळची, लोडिंगला आणायची गाडी त्याच्या हातातल्या स्कॅनरवर दिसते आणि तो ती घेऊनच येतो. बंदरात क्रेन रिकामी परतू नये म्हणून जी काळजी घेतात तीच इथे माणसाच्या पायांसाठी घेतली. तिसरी अगदी क्षुल्लक वाटणारी गोष्ट म्हणजे किल्ल्या. गाडी आहे, ट्रेलर आहे, शंटर आहे आणि किल्ली सापडत नाही, असा वेळ पूर्वी रोज जात असे. आता किल्लीवर टॅग आहे. उभ्या गाड्यांच्या बॅटऱ्या उतरण्याचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. करकपातीच्या आधी महिनाभर उभ्या राहिलेल्या गाड्यांनी घटस्थापनेच्या आठवड्यात आमचे जे हाल केले ते आठवून आता बॅटरीच्या फेरीला वेगळा माणूस नेमला आहे, तुटवडा असूनही.

याहून पुढची पायरी परदेशात सुरू झाली आहे. जर्मनीतल्या डिंगोल्फिंग येथील बीएमडब्ल्यूच्या कारखान्यात २०२२ पासून नव्या गाड्या जुळणीच्या ठिकाणाहून पुढच्या तपासणीच्या ठिकाणापर्यंत आपल्याआप जाण्याचे प्रयोग झाले आणि आता ते नेहमीच्या उत्पादनाचा भाग झाले आहेत. लाइपझिगच्या कारखान्यातही ही पद्धत आली. तिची गंमत अशी की गाडी स्वतः हुशार असण्याची गरज नाही. मार्गाच्या कडेला उभारलेले संवेदक गाडी कुठे आहे आणि पुढे काय आहे हे पाहतात, संगणक ठरवतो आणि आज्ञा बिनतारी संदेशाने गाडीला मिळते. टेस्लानेही जानेवारी २०२५ मध्ये फ्रेमाँटच्या कारखान्यात लाइनवरून उतरलेल्या गाड्या चालकाविना पाठवणीच्या तळापर्यंत जात असल्याचे दाखवले.

आमच्या वरिष्ठांपैकी कुणी ना कुणी दर तीन महिन्यांनी मला ही चित्रफीत पाठवते. माझे उत्तर ठरलेले आहे. बाहेरून आज्ञा घेऊन गाडी चालायची तर तिचा गिअर, ब्रेक, सुकाणू आणि हातब्रेक हे सगळे विजेच्या आज्ञेवर चालणारे हवेत. आपल्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या गाड्यांचा मोठा हिस्सा अजून हाताने गिअर टाकायचा आणि हाताने ब्रेक ओढायचा असतो. त्या गाडीचा क्लच दाबायला संगणकाला पाय नाही. विजेवरच्या आणि स्वयंचलित गिअरच्या गाड्यांचे प्रमाण जसे वाढेल तसे चित्र बदलेल, आणि नवा कारखाना उभारणाऱ्याने संवेदकांसाठी खांब आणि केबलची सोय आजच ठेवावी, हे मी मान्य करते. पण शंटर मिळत नाहीत म्हणून आज कुणी हा उपाय सुचवत असेल, तर त्याने आधी आपल्या यार्डातली एक गाडी किती वेळा हलते ते मोजून यावे. तीच गाडी यंत्राने सहा वेळा हलवणे म्हणजे गोंधळालाच मोटर बसवणे झाले.

एका गोष्टीकडे आमच्या धंद्यातही फारसे लक्ष गेलेले नाही. लोकांना उंच गाड्या आवडू लागल्या आहेत. वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२४-२५ मध्ये देशातल्या प्रवासी वाहनांच्या विक्रीत एसयूव्ही आणि तत्सम वाहनांचा वाटा ६५ टक्के होता. ट्रेलरची लांबी मात्र नियमाने १८.७५ मीटरला बांधलेली आहे आणि उंचीलाही मर्यादा आहे. ज्या ट्रेलरवर आठ छोट्या गाड्या बसत, त्यावर मोठ्या गाड्या सहाच बसतात, कधी त्याहून कमी. वर दिलेल्या हिशेबात आठच्या जागी सहा घालून पाहा: रोज ७५ ऐवजी १०० ट्रेलर आणि ९०० ऐवजी १,२०० ड्रायव्हर. एकही जास्तीची गाडी विकली गेली नाही आणि तरी तीनशे ड्रायव्हरांची गरज वाढली. म्हणून कोणत्या ट्रेलरवर कोणत्या गाड्या एकत्र घालायच्या हे ठरवणारा संगणकीय आराखडा आमच्यासाठी चैनीची वस्तू नाही. उंच गाडीखाली बसकी गाडी, शेवटी उतरायची ती आधी चढवायची, धुरेवरचे वजन सांभाळायचे, आणि शक्यतो एकाच शहरातले दोनच डीलर घ्यायचे, चार नाहीत, कारण प्रत्येक डीलरपाशी खोटी वाढते. पूर्वी हे काम एक मुकादम डोक्यात करत असे आणि उत्तम करत असे. तो निवृत्त झाला तेव्हा त्याचे डोके त्याच्याबरोबर गेले. आमच्या प्रणालीतले निम्मे नियम त्याला दोन महिने पुन्हा बोलावून, शेजारी बसवून लिहून घेतलेले आहेत, आणि कधीकधी मला वाटते की सगळ्या प्रकल्पात आम्ही केलेला सर्वांत शहाणपणाचा खर्च म्हणजे त्याचे ते दोन महिन्यांचे मानधन.

रेल्वेचे काय, असे कुणीही विचारेल. मोटारी वाहण्यासाठी रेल्वेची वाट धरण्यात आपल्याकडे मारुती सुझुकी सर्वांत पुढे आहे. मोटारी वाहणाऱ्या स्वतःच्या मालगाड्या चालवण्याचा परवाना त्या कंपनीने २०१३ मध्ये मिळवला, गुजरातमधल्या हंसलपूरच्या कारखान्यात मार्च २०२४ मध्ये आणि हरियाणातल्या मानेसरच्या कारखान्यात जून २०२५ मध्ये थेट आवारातच रेल्वेचा फाटा सुरू झाला. तिच्या एका रेकमध्ये सुमारे तीनशे गाड्या जातात. तीनशे गाड्या म्हणजे सदतीस-अडतीस ट्रेलर. आपल्या पट्ट्यात कारखान्याच्या आत रूळ नाहीत. चिंचवडसारख्या मालधक्क्यांपर्यंत गाडी आधी ट्रेलरवरून न्यावी लागते, म्हणजे दोनदा चढवणे आणि दोनदा उतरवणे. त्यामुळे जवळच्या अंतराला रेल्वे परवडत नाही आणि ती परवडावी असा हट्टही धरू नये.

लांबच्या अंतराला मात्र रेल्वेचा एक फायदा असा आहे जो भाड्याच्या तक्त्यात दिसत नाही. चाकणहून गुवाहाटी रस्त्याने सुमारे २,७०० किलोमीटर आहे. जाऊन-येऊन ड्रायव्हर तीन आठवडे घराबाहेर असतो. त्याच गाड्या रेकने गुवाहाटीजवळच्या चांगसारीला गेल्या, तर चाकण ते मालधक्का आणि तिकडे मालधक्का ते डीलर एवढेच काम ट्रेलरला उरते. ड्रायव्हर लागतोच, पण तो संध्याकाळी घरी जातो. घरी जाता येईल अशा कामाला आमच्याच भागातली, खेड-जुन्नरकडची मुले तयार होतात, जी तीन आठवड्यांच्या फेरीला कधीच तयार झाली नसती. रेल्वेने ड्रायव्हरांची संख्या कमी केली त्यापेक्षा तिने कामाचा प्रकार बदलला, याला मी जास्त महत्त्व देते. अडचण रेकच्या वेळेची असते. रेक येणार म्हणून तीस शंटर बोलावले आणि रेक सहा तास उशिरा आली, तर ते तीस जण सावली शोधत बसतात. आणि रेक आली की वाघिणीच्या आत, दार पुरते उघडता येणार नाही अशा जागेत, एकामागून एक गाडी नेऊन लावायची व अंग आकसून बाहेर पडायचे, हे काम थकल्या माणसाकडून घाईत करवून घेतले की ओरखडे येतात. रेक नेमकी कुठे पोचली आहे हे आता आम्हाला आधी कळते, म्हणून शंटरांना बोलावण्याची वेळ दोनदा बदलता येते. एवढ्याशा माहितीने दोन पाळ्यांचे भांडण मिटले.

महिनाअखेरीबद्दल लिहिले नाही तर हा लेख अप्रामाणिक ठरेल. कंपन्यांच्या विक्रीचे आकडे महिन्याच्या शेवटच्या तारखेला मोजले जातात, म्हणून पहिल्या दहा दिवसांत यार्ड पेंगते आणि शेवटच्या आठवड्यात आग लागल्यासारखे पळते. ट्रेलर आणि ड्रायव्हर मात्र महिन्याला लागतात, आठवड्याला नव्हे. शेवटच्या आठवड्याच्या गर्दीला पुरतील इतके ड्रायव्हर ठेवले तर पहिले पंधरा दिवस ते रिकामे बसतात, आणि रिकामा बसलेला ड्रायव्हर दुसऱ्या मालाकडे निघून जातो, कारण त्याची कमाई फेरीवर आहे. मग महिनाअखेरीला आपण म्हणतो, ड्रायव्हर मिळत नाहीत. याला कोणतेही यंत्र उपाय नाही. विक्री विभागाने महिन्याचे लक्ष्य आठवड्यांत वाटून घेतले तर पुष्कळ फरक पडतो, आणि ते आमच्याकडे अर्धेमुर्धेच झाले आहे. ते पूर्ण का होत नाही, हे सांगायला मला दुसरी नोकरी शोधावी लागेल.

आणि सण. गाड्यांची मागणी दसरा-दिवाळीला शिखरावर असते आणि नेमके तेव्हाच ड्रायव्हरला घरी जायचे असते. २०२५ मध्ये दिवाळी संपते न संपते तोच आठवड्यात छठ आली. उत्तर प्रदेशच्या पूर्व भागातले आणि बिहारचे ड्रायव्हर दिवाळीच्या आधी गेले ते छठ उरकूनच परतले. त्याआधी सप्टेंबरच्या पुराने सोलापूरकडचा रस्ता अडवला होताच. दरवर्षी आम्ही सणाच्या तोंडावर जास्त भाड्याचे आमिष दाखवत असू. त्यामुळे ड्रायव्हर थांबत नाहीत, फक्त ते एका ट्रान्स्पोर्टरकडून दुसऱ्याकडे जातात आणि पट्ट्यातला एकूण आकडा तेवढाच राहतो.

या वर्षी आम्ही उलट बाजूने सुरुवात केली आहे. ट्रान्स्पोर्टरांकडून श्रावणातच ड्रायव्हरांच्या रजांची यादी मागवायची, प्रत्येकाची घराच्या दिशेची फेरी सणाच्या आधी आठवडाभर त्यालाच द्यायची, म्हणजे तो भरलेला ट्रेलर घेऊनच घराकडे जाईल, आणि गाडी त्याच्या गावाजवळच्या तळावर दहा दिवस उभी राहिली तरी त्याची खोटी धरायची नाही, असे ठरले आहे. त्या दहा दिवसांची गरज ओळखून लांबचा माल भाद्रपदातच रेकने पुढे काढायचा आणि डीलरजवळच्या स्टॉकयार्डात ठेवायचा. त्यासाठी विक्री विभागाला कोणत्या रंगाच्या किती गाड्या कुठे लागतील हे दीड महिना आधी सांगावे लागेल, आणि ते ऐकून त्यांच्या प्रमुखांनी पहिल्या बैठकीत नुसते हसून घेतले. दुसऱ्या बैठकीला मी त्यांच्यासमोर गेल्या घटस्थापनेच्या आठवड्यातल्या, यार्डात उभ्या राहिलेल्या आणि दसऱ्याला न पोचलेल्या गाड्यांची डीलरनिहाय यादी ठेवली. तिसरी बैठक येत्या सोमवारी आहे. गेटजवळ ड्रायव्हरांसाठी आठ खाटांची एक खोली, न्हाणीघर आणि पाण्याची टाकी बांधून झाली आहे. अलवरकडचे ते ड्रायव्हर परवा तिथे दुपारी झोपलेले दिसले, आणि त्यांच्या लोडिंगची मुदत अजून तासाभराने सुरू व्हायची होती.